लेकीच्या श्वासनलिकेत अडकलेला शेंगदाणा: तान्ह्या पोळ्यापासून डिस्चार्जपर्यंत

पोळा तोंडावर आलाय. गेल्या वर्षी तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या लहान मुलांच्या पोळ्याला, आमच्याकडे जे सुरू झालं, ते आता बऱ्यापैकी पार पडलंय, म्हणून सगळं क्रमाने लिहून काढतेय. डॉक्टरांनी "दुर्बीण टाकावी लागेल" (म्हणजे भूल देऊन तोंडातून श्वासनलिकेत दुर्बिणीची नळी घालणं) असं सांगितलं त्या रात्री मला यातून गेलेलं एखादं माणूस हवं होतं. नातेवाइकांत, ओळखीपाळखीत कोणीच सापडलं नाही. आज कोणाच्या लेकराला दुर्बीण सांगितली असेल, किंवा कोणाचं लेकरू महिनाभर खोकत असेल, तर त्यांनी हे वाचावं. मी डॉक्टर नाही. यातलं वैद्यकीय जे काही आहे ते आमच्या डॉक्टरांनी कागदावर चित्रं काढून समजावलेलं आहे.

३ सप्टेंबर २०२४, मंगळवार. सासरचं घर नागपूरच्या महाल भागात, त्यामुळे तान्ह्या पोळ्याला सगळे तिथेच जमतो. सकाळपासून मारबतीच्या (इडापिडा घालवायला काढतात त्या पुतळ्यांच्या) मिरवणुकीची गर्दी, संध्याकाळी पोरं लाकडी बैल घेऊन घरोघर. माझी लेक तेव्हा एक वर्ष दहा महिन्यांची. सात वर्षांच्या पुतण्याच्या मागे मागे तीही फिरत होती. बोजारा म्हणून कोणी नाणी देत होतं, कोणी बिस्किटं, कोणी फुटाणे-शेंगदाणे. रात्री ती जेवली, झोपली. आम्हा दोघांना काहीच वेगळं जाणवलं नाही.

गणपती बसले त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खोकला सुरू झाला, मग ताप. पावसाळ्याचे दिवस, अर्धं पाळणाघर खोकत होतं. जवळच्या बालरोगतज्ज्ञांनी वाफ दिली, अँटिबायोटिक दिलं. चार दिवसांत ताप गेला, खोकला राहिला. १४ तारखेला छातीचा एक्स-रे काढला, चारशे रुपये लागले. "थोडा कफ आहे, बाकी ठीक," असं सांगितलं. औषध संपलं की पुन्हा ताप, असं चालू राहिलं. रात्री छातीतून बारीक शिट्टीसारखा आवाज यायचा. सप्टेंबरच्या शेवटी दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी बालदम्याची शक्यता सांगितली आणि स्पेसर (तोंड आणि पंपामधली नळी) लावून घ्यायचा पंप लिहून दिला. पंपाने दोन दिवस बरं वाटायचं, पण आवाज पूर्ण कधी गेलाच नाही. या दोन्ही डॉक्टरांबद्दल माझ्या मनात राग नाही. त्या वयात त्या ऋतूत शंभरातल्या बहुतेक पोरांना तेच झालेलं असतं. पण "मूल अचानक ठसकलं होतं का?" हा एक प्रश्न तोपर्यंत कोणीच विचारला नव्हता.

दसऱ्यानंतर ताप पुन्हा चढला. १५ ऑक्टोबरला धंतोलीतल्या एका डॉक्टरांकडे गेलो. तोवरची सगळी कागदं आणि एक्स-रेची फिल्म मी पिशवीत घालून नेली होती. पहिली सूचना हीच: फिल्म फेकू नका, मोबाइलवरच्या फोटोवर विसंबू नका. डॉक्टरांनी आधी बराच वेळ छाती ऐकली. उजवीकडे खाली, डावीकडे, पुन्हा उजवीकडे. मग मला स्टेथोस्कोप दिला. डावीकडे श्वास स्वच्छ ऐकू येत होता. उजवीकडे खालच्या भागात जवळजवळ काहीच नाही. त्यांनी जुनी फिल्म उजेडावर धरली आणि उजवी बाजू किंचित जास्त काळी आहे ते दाखवलं. काळी म्हणजे हवा जास्त. तेव्हाच काढलेल्या नव्या एक्स-रेत तोच खालचा भाग पांढुरका झाला होता, म्हणजे तिथली हवा आता संपली होती.

दमा असता तर आवाज दोन्हीकडून आला असता, असं ते म्हणाले. एकाच बाजूला शिट्टी, एकाच जागी पुन्हा पुन्हा न्युमोनिया, औषधाने तात्पुरतं बरं वाटणं, हे तीन एकत्र आले की नळीत काहीतरी अडकलंय का ते बघावंच लागतं. कारणही समजावलं. सायकलच्या ट्यूबच्या व्हॉल्वसारखं होतं: श्वास घेताना नळी थोडी रुंदावते, हवा अडकलेल्या वस्तूच्या बाजूने आत जाते, सोडताना नळी आकसते आणि हवा आतच कोंडते. म्हणून आधी फुप्फुस फुगतं. पुढे वस्तू फुगून नळी पूर्ण बंद झाली की आतली हवा रक्तात शोषली जाते आणि तो भाग मिटतो.

मग त्यांनी तो प्रश्न विचारला. खेळता खेळता, खाता खाता कधी एकदम ठसका लागला होता का? मी नाही म्हटलं. मला माहीतच नव्हतं. ते म्हणाले, "घरी सगळ्यांना विचारा. मुलांनाही विचारा. पण रागावून विचारू नका, नाहीतर खरं कळणार नाही."

घरी आल्यावर सासूबाई आठवून म्हणाल्या, "हो गं, तान्ह्या पोळ्याच्या दिवशी ओसरीवर खोकलून खोकलून लाल झाली होती ना. मी पाठ चोळली, पाणी पाजलं, मग पुन्हा खेळून राहिली होती ती." पुतण्याला मी मांडीवर घेतलं आणि म्हटलं, "बेटा, कोणी तुला रागावणार नाही. आपल्या छकुलीला डॉक्टरकाकांना मदत करायची आहे. त्या दिवशी तिनं काय खाल्लं होतं?" तो बराच वेळ बैलाच्या चाकाशी खेळत राहिला. मग म्हणाला, "काकू, मी तिला शेंगदाणे दिले होते. तिनं सगळे एकदम तोंडात टाकले अन् पळाली." त्याने ते महिनाभर मनात ठेवलेलं होतं. खोकला थांबल्यावर मूल काही दिवस अगदी चांगलं दिसतं, हेच या प्रकाराचं फसवं लक्षण आहे. ठसक्यानंतरचा हा शांत काळ कधी काही तासांचा असतो, कधी काही आठवड्यांचा. तेवढ्यात घरातले सगळे तो ठसका विसरून जातात.

दुसऱ्या दिवशी, कोजागिरीला, छातीचा सीटी स्कॅन झाला. झोपेच्या औषधासह साडेपाच हजार. त्यात उजव्या बाजूच्या नळीत अडथळा आणि खालचा भाग मिटलेला दिसला. शेंगदाणा साध्या एक्स-रेत दिसत नाही, कारण तो क्ष-किरण अडवत नाही. नाणं, टाचणी दिसते. दाणे, बिया, प्लास्टिक बहुधा दिसत नाही. म्हणून "एक्स-रे चांगला आहे" यावर निर्धास्त राहायचं नाही. ठसक्याची हकीकत पक्की असेल आणि छाती एका बाजूने वेगळी वाजत असेल, तर एक्स-रे चांगला असूनही दुर्बीण टाकून बघतात.

त्या रात्री घरात वाद झाला. मोठ्या दिरांचं म्हणणं, अजून औषध देऊन बघू. एवढ्या लहान पोरीला पूर्ण भूल, कशासाठी? मलाही तीच भीती होती. मी डॉक्टरांना फोन करून सरळ विचारलं, थांबलो तर काय होईल? त्यांचं उत्तर मला जसंच्या तसं आठवतं. शेंगदाण्यात तेल असतं, त्या तेलाने नळीचं अस्तर सुजतं, दाणा ओलावा शोषून फुगतो, भोवती लालसर मांसल वाढ होते आणि तिला हात लावला की रक्त येतं. जितके दिवस जातील तितकं काढणं अवघड. पलीकडे साचलेल्या कफात जंतू वाढून नळ्यांच्या भिंती कुजतात, कायमच्या सैल आणि रुंद होतात. त्याला ब्रॉन्किएक्टॅसिस म्हणतात. काही मुलांना फुप्फुसाचा तो भाग शस्त्रक्रियेने काढावा लागतो. हे ऐकल्यावर वाद संपला. नवऱ्याने रात्री वाचून मला सांगितलं की, १८९७ साली जर्मनीतल्या फ्रायबुर्गमध्ये गुस्ताव किलियन यांनी एका शेतकऱ्याच्या श्वासनलिकेतून हाडाचा तुकडा नळी घालून पहिल्यांदा काढला होता. सव्वाशे वर्षं डॉक्टर हे करत आलेत, एवढ्यानेही मला धीर आला.

१७ ऑक्टोबरला संध्याकाळी भरती. ज्या रुग्णालयात लहान मुलांचा अतिदक्षता विभाग, लहान आकाराच्या कडक दुर्बिणी आणि मुलांना भूल देण्याची सवय असलेले भूलतज्ज्ञ तिन्ही एकाच ठिकाणी आहेत, तिथेच जायचं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दुर्बीण कोण टाकणार, बालशल्यचिकित्सक की नाक-कान-घसातज्ज्ञ, याने फरक पडत नाही. ते हे काम नेहमी करतात का, ते विचारा.

आता कागदपत्रं. आमचा विमा होता, कॅशलेस घ्यायचं ठरवलं. विम्याच्या खिडकीवर लागलेलं: पॉलिसीचं कार्ड, आई-वडिलांचं आधार, मुलीचं निळं बाल आधार, जन्म दाखला, भरतीची चिठ्ठी, सीटीचा रिपोर्ट आणि आधीच्या डॉक्टरांचे कागद. अडचण नावाची आली. पॉलिसीत ती अजून "बेबी ऑफ" आणि पुढे माझं नाव अशीच होती. महापालिकेच्या झोन कार्यालयातून काढलेल्या जन्म दाखल्यावर तिचं नाव, माझं नाव आणि जन्मतारीख तिन्ही असल्यामुळे तो जोडून काम झालं. तुमच्या पॉलिसीत बाळाचं नाव बदललेलं नसेल तर आजच ईमेल टाका. दुसरा प्रश्न विमा कंपनीकडून आला: हा अपघात आहे का, कधी, कुठे, कसा घडला? कोऱ्या कागदावर तारीख, ठिकाण, वेळ आणि हकीकत लिहून खाली सही करून दिली. डॉक्टरांनीही केसपेपरवर तेच लिहिलं. दोन्हीत तारीख एकच हवी, नाहीतर फाइल परत येते. मे २०२४ च्या विमा नियामकाच्या परिपत्रकाप्रमाणे कॅशलेसच्या अर्जावर एका तासात निर्णय द्यायचा असतो. आमच्याकडे मधल्या प्रश्नोत्तरांत रात्र झाली. तोवर वीस हजार अनामत भरावी लागली, ती डिस्चार्जला परत मिळाली.

शेजारच्या खाटेवरच्या मुलाच्या वडिलांकडे विमा नव्हता. ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे (सरकारी आरोग्य योजनेच्या मदतनिसाकडे) रेशनकार्ड आणि आधार घेऊन बसले होते. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेचं कवच आता कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंत आहे. रुग्णालय योजनेत आहे का आणि आपला उपचार यादीत बसतो का, हे भरतीआधीच आरोग्यमित्राला किंवा १५५३८८ या क्रमांकावर विचारून घ्यायचं. मागाहून जोडणं फार कटकटीचं जातं, असं ते सांगत होते.

संमतीपत्रावर सही करताना माझा हात थरथरत होता. त्यात लिहिलेलं असतं: ऑक्सिजन खाली जाऊ शकतो, रक्तस्राव होऊ शकतो, दाताला इजा, घशाला सूज, व्हेंटिलेटर लागू शकतो, एका वेळी निघालं नाही तर पुन्हा दुर्बीण, क्वचित छाती उघडणं. भूलतज्ज्ञ बाई माझ्याजवळ बसल्या आणि प्रत्येक ओळ वाचून यातलं काय वारंवार होतं आणि काय अगदी क्वचित, ते सांगितलं. तुम्हालाही कोणी असं सांगत नसेल तर थांबून विचारा. सही करायला पाच मिनिटं जास्त लागली तरी कोणी हाकलत नाही.

उपाशी ठेवणं सगळ्यात जड गेलं. जेवण आणि वरचं दूध सहा तास आधी बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत. तिला रात्री दोनला उठवून दूध पाजलं. नऊची वेळ होती, पण मधे दुसरी तातडीची केस आली आणि आमचा नंबर अकराच्या पुढे गेला. मी परिचारिकेला विचारलं, तेव्हा त्यांनी भूलतज्ज्ञांना फोन लावून मधे थोडं पाणी पाजायला परवानगी मिळवली. वेळ पुढे गेली की हे नक्की विचारा. तिचा बाबा तिला कडेवर घेऊन जिन्याच्या खिडकीतून रस्त्यावरच्या ई-रिक्षा दाखवत होता.

ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत मला जाऊ दिलं. दार बंद झाल्यावर साधारण तासभर आम्ही बाकावर होतो. त्या तासाबद्दल मला लिहिता येत नाही.

डॉक्टर बाहेर आले ते हातात छोटी प्लास्टिकची डबी घेऊन. आत अर्धा शेंगदाणा आणि दोन बारीक कण. सालाचा पत्ता नव्हता. रंग मळकट तपकिरी, फुगून कडा गोल झालेल्या, आणि डबी उघडल्यावर कुबट वास. भोवती मांसल वाढ झाली होती, त्यामुळे चिमट्यात धरताना दाणा तुटला आणि तुकड्यांत काढावा लागला. मागचा पू शोषून घेतला. थोडं रक्त आलं, ते औषधाने थांबलं. "सगळं निघालंय असं दिसतंय, पण सूज आहे. दोन दिवस अतिदक्षता विभागात ठेवू."

अतिदक्षता विभागात एका वेळी एकालाच थांबता येत होतं. आवाज बसलेला, रडली तरी फक्त हवा यायची. ते घशातल्या सुजेमुळे असतं आणि दोन-तीन दिवसांत जातं, हे आधी कळलं असतं तर मी तेवढी घाबरले नसते, म्हणून इथे लिहिते. स्टेरॉइडची इंजेक्शनं, वाफ, अँटिबायोटिक. फिजिओथेरपिस्ट ताई ओंजळीसारखा हात करून पाठीवर थापटायच्या, मग तिला कुशीवर झोपवून कफ सुटायची वाट बघायच्या. तिसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना विनंती केली आणि त्यांनी पुन्हा मला स्टेथोस्कोप दिला. उजवीकडे खाली श्वास येत होता. डावीपेक्षा कमी, पण येत होता. मी तिथेच रडले.

तिथल्याच एका वरिष्ठ परिचारिकेने आम्हाला बाहुलीवर प्रथमोपचार शिकवला. मूल जोरात खोकत असेल, रडत असेल, तर खोकू द्यायचं, जवळ थांबायचं. आवाजच फुटत नसेल, ओठ निळे पडत असतील, तर वर्षाच्या वरच्या मुलाला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मधे तळहाताच्या टाचेने पाच ठोके, मग मागून मिठी घालून बेंबीच्या वर आत आणि वर असे पाच झटके, आलटून पालटून. वर्षाच्या आतल्या बाळाचं पोट दाबायचं नाही. हातावर पालथं घालून पाठीवर पाच ठोके, मग उताणं करून छातीच्या हाडावर पाच दाब. दिसत नसताना तोंडात बोट घालायचं नाही, वस्तू आणखी आत जाते. त्याच वेळी दुसऱ्याने १०८ ला फोन करायचा. आणि ठसका थांबून मूल हसायला लागलं, तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं.

२१ ऑक्टोबरला डिस्चार्ज. बिल एक लाख सव्वीस हजार, विम्यातून एक लाख नऊ हजार मंजूर झाले. हातमोजे, डिस्पोजेबल सामान आणि नोंदणीचे पैसे आपल्यालाच भरावे लागतात. सीटी आणि आधीच्या तपासण्यांचे पैसे नंतर वेगळा अर्ज करून मिळाले. आमच्या पॉलिसीत भरतीआधीचे तीस दिवस धरतात, त्यामुळे १४ सप्टेंबरचा एक्स-रे बसला नाही. आधीच्या कागदांवर "दमा" लिहिलेलं असल्याने कंपनीने हरकत घेतली होती. ती लक्षणं याच अडकलेल्या वस्तूमुळे होती, असं पत्र डॉक्टरांनी लेटरहेडवर दिलं आणि काम झालं. डिस्चार्जच्या दिवशीच ते पत्र मागून घ्या, पुन्हा चक्कर पडत नाही.

पुतण्याला आम्ही मुद्दाम घ्यायला बोलावलं होतं. डॉक्टरांनी त्याला डबी दाखवली आणि म्हणाले, "तू सांगितलंस म्हणून आम्हाला हे सापडलं." तेव्हा कुठे त्याने तिच्या खाटेजवळ येऊन तिचा पाय धरला. सासूबाईंनाही मी हेच सांगत राहिले. त्यांना फार लागलं होतं, जेवणावरून मन उडालं होतं. घरात दोष शोधायला बसलं की पुढच्या वेळी कोणी काही सांगत नाही, आणि डॉक्टरांना तर त्या सांगण्यावरच सगळं ठरवायचं असतं.

दिवाळीनंतरच्या तपासणीत एक्स-रे बराच सुधारला होता. एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा सीटी केला. मिटलेला भाग उघडला आहे, पण एका छोट्या भागातल्या नळ्या थोड्या रुंदच राहिल्या आहेत. दाणा दीड महिना आत राहिला त्याची ती खूण. सौम्य आहे, शस्त्रक्रियेचा आत्ता प्रश्न नाही, या वयात फुप्फुस वाढत असतं, त्यामुळे लक्ष ठेवत जायचं, असं डॉक्टर म्हणतात. हे ऐकून मला रिकामं रिकामं वाटलं, खोटं कशाला सांगू. पण ती धावते, खिदळते, जिने चढते, तिला काही अडत नाही.

घरात आता अख्खे शेंगदाणे, फुटाणे, चणे, पॉपकॉर्न, सुपारीचं खांड तिच्या हाती लागेल असं ठेवत नाही. चार-पाच वर्षांपर्यंत तरी नाही, कारण या वयात दाणा नीट चावून बारीक करता येत नाही आणि मूल तो नुसताच तोंडात घोळवत असतं. शेंगदाण्याचा कूट खुशाल देतो, चटणीतही आणि लाडवातही. सीताफळाच्या आणि संत्र्याच्या बिया काढून गर देतो. चिंचोके आणि मणी खेळायलाही नाहीत. खाताना बसायचं, हा नियम पुतण्यालाही आहे.

सकाळ-संध्याकाळ पाठीवर थापटणं आणि साबणाचे फुगे फुंकणं चालू आहे; फुगे तिला आवडतात म्हणून व्यायाम सोपा जातो. फ्लूची लस यंदा पावसाळ्याआधी दिली, न्युमोनियावरच्या न्युमोकोकल लशीचे डोस पूर्ण आहेत. ओला खोकला लांबला किंवा ताप आला तर घरच्या घरी वाट न बघता दाखवायचं, असं ठरलंय. पुढची तपासणी ऑक्टोबरात आहे, सगळ्या फिल्म घेऊन.